गिरणीच्या मोटरीचे सांधे

अण्णा, तुम्ही गेलात त्या उन्हाळ्याबद्दल मी कुणाशी कधी नीट बोललेच नाही. आज कागदावर बोलते.

नवरा गेल्यावर मी माहेरी आले तेव्हा आत्या म्हणाली होती, हिला माजघरात बसू दे, लोकांच्या नजरेला नको. तुम्ही मला पुढच्या खोलीत बसवलंत, जळालेल्या मोटरींमध्ये. नाशकात वीज नवी होती आणि मोटरी दुरुस्त करणारे बोटांवर मोजण्याइतके. स्वयंपाकघरातल्या शेगडीतच तुमची तारा सांधायची डागणी तापायची. भाकरी उतरली की निखारे तुमचे. मी पहिला सांधा केला, वर कथलाचा चकचकीत थेंब बसवला. तुम्ही तो चिमटीत धरून ओढलात. तारा सुटल्या, थेंब तेवढा हातात आला. "कथील तापवलंस, तार तापवलीच नाहीस," तुम्ही म्हणालात. "तार तापली की कथील आपण होऊन पिळात शिरतं. मग थंड होईपर्यंत हलवायचं नाही. श्वाससुद्धा बेतानं." पुढे कितीतरी दिवस मी सांधते आहे, तुम्ही ओढता आहात, आणि आत्या दारातून बघून परत जाते आहे.

चैत्रात पलीकडच्या गल्लीतला पिठाच्या गिरणीचा मालक आला. मोटरीचा एक सांधा सुटला होता. डागणी धरायला मी तुमच्याबरोबर आले. सांध्यावरचं कापड तुम्ही उलगडलंत तर आतली तार हिरवट, भुसभुशीत. कुणा फिरत्या कारागिरानं कथील धरावं म्हणून राळेऐवजी तेजाब लावून सांधली होती. तेजाब आत राहतं आणि तार खात बसतं, हे तुम्ही त्याला समजावून सांगितलंत. "बाकीचे सांधेही असेच असणार. मोटर उतरवू द्या."

"लग्नसराई आहे, मिस्त्री. अक्षय्य तृतीया होऊ द्या. चालतेय ना?"

चालत होती. तुम्ही तो एक सांधा नवा केलात आणि आपण घरी आलो.

त्या दिवसापासून ती गिरणी आपल्या घरात शिरली. मागच्या भिंतीपलीकडून तिची घरघर यायची, आणि घास हातात तसाच धरून तुम्ही ऐकत राहायचात. "काय ऐकता?" मी विचारलं. "अजून चालतेय," एवढंच म्हणालात. पुन्हा पुन्हा जाऊन त्याला सांगितलंत. तो हसून पाणी विचारायचा. गिरणी बंद होईपर्यंत तुम्हाला अन्न गोड लागेना. तुमचं बघून मलाही लागेना.

मग ती दुपार. आपण जेवतोय. घरघर खाली उतरते, घोगरी होते, नुसतं घुमणं उरतं. तुम्ही उष्ट्या हातानं उठता, मी मागून धावते. गिरणीत धूर, वर पिठाची धूळ, आणि बायका आपापलं दळण सोडून हटत नाहीत. "दळण राहू द्या, बाहेर व्हा!" तुम्हाला ओरडताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. शेवटची म्हातारी दाराबाहेर पडली आणि तुम्ही वीज तोडायच्या खटक्याकडे वळलात. मोटर आणि भिंत यांच्यामधली जागा अरुंद. आतलं वेष्टण जळून वीज मोटरीच्या लोखंडात उतरली होती. तुमचा खांदा मोटरीला लागला. कोपऱ्यातली लाकडी फळी घेऊन मी खटका पाडला, पण तोवर उशीर झाला होता.

तेराव्यानंतर गिरणीवाला दारात येऊन उभा राहिला. मान वर करेना. "दुसरा मिस्त्री बघतो," म्हणाला.

"मोटर इथं आणून टाका," मी म्हणाले.

आत्या रडत ओरडली, "ज्यानं बाप नेला ते लोखंड घरात आणतेस?"

आणलं. जुनी तार सगळी काढली, नवी गुंडाळली, एकेक सांधा राळेनं केला आणि थंड झाल्यावर अंगातलं सगळं बळ लावून ओढला. एकही सुटला नाही. त्या मोटरीवर पुढे कित्येक वर्षं गल्लीचं पीठ निघालं, आणि माझ्याकडे लांबून, अगदी कळवणहूनसुद्धा मोटरी येऊ लागल्या.

लोक म्हणतात, या बाईला भीती म्हणून माहीत नाही. हे कागद कुणाच्या हाती लागण्याआधी मी फाडून टाकीन, म्हणून तुम्हाला सांगते. दुरुस्त केलेली मोटर पहिल्यांदा सुरू करताना मी अजून डोळे मिटते. गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून त्याच्याकडे पाठ करून उभी राहते.