एकोणीस रकाने आणि सटवाजीचा डावा हात

मुक्काम हट्टा, तालुका वसमत
२० जानेवारी १९७८

परमस्नेही तातेराव यांस, अमृतरावाचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

आज पहाटे जाग आली ती पाट्यांच्या आवाजाने. पाट्या अर्थातच कुठे नव्हत्या. तीस पोरं पाटीवर बोटं आपटून वृत्ताचे गण मोजायची, लघूला एक बोट, गुरूला सगळा तळवा, तो आवाज. टक, टक, थप. पलीकडच्या वर्गातून तुम्ही भिंतीवर छडी मारून "अमृतराव, माझी त्रैराशिकं बुडून राहिली" म्हणून ओरडायचात, तोही ऐकू आला. म्हटलं, तातेरावांची आठवण झाली, पत्र लिहावं. तुमचा गुडघा कसा आहे? मोहरीच्या तेलाने उतार पडला का? पद्मावहिनींना नमस्कार सांगावा. माझी प्रकृती बराबर आहे. डाव्या कानाने कमी ऐकू येतं, पण त्या बाजूला गावातले बोलके लोक बसवले की तकलीफ होत नाही.

तर त्या पाट्यांच्या आवाजात एक टक-थप सगळ्यांच्या आधी संपायची. खिडकीजवळची आशा. दगडोबाची लेक, पाटबंधाऱ्याच्या कालव्यावर पाटकरी होता तो दगडोबा. (त्याने धम्मदीक्षेच्या साली घराला निळा रंग दिला, तो अजून तसाच आहे, दरवर्षी नवा हात मारतो.) ती आशा आता आशाबाई झाली. औरंगाबादेत शिकली, पुढे मुंबईच्या एका प्रयोगशाळेत लागली, आणि दिवाळीनंतर बर्फाचा डबा, काचेच्या नळ्या आणि कागदांचा गठ्ठा घेऊन आपल्याच गावी आली. मी तिला अहो-जाहो करू लागलो तर म्हणते, "गुरुजी, असं बोलून राहिले तर मला वाटतं माझं काई चुकलं." तेव्हापासून समोर अरे-तुरे आणि मागे अहो-जाहो, असा माझा कारभार चालू आहे.

तिचं काम मला जेवढं समजलं तेवढं सांगतो. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर म्हणे खुणा असतात. शरीराला आपलं कोण आणि परका रोगजंतू कोण हे ओळखायला त्या उपयोगी पडतात. निम्म्या खुणा आईकडून येतात, निम्म्या बापाकडून. कोणत्या घराण्यात कोणत्या खुणा आहेत हे समजलं तर कोणाला कोणता रोग लवकर धरतो, कोणाचं मूत्रपिंड कोणाला चालेल, हे पुढेमागे सांगता येईल. पण अडलंय कुठे ते ऐका. तीन प्रयोगशाळा हे काम करतात आणि तिघींच्या वह्या तीन तऱ्हेच्या. एक आधी नाव लिहिते, दुसरी आधी वय, तिसरी नंबराच्या जागी गावाचं नाव घालते. वर एकाच खुणेला तिघींनी तीन नावं दिलेली. तिन्ही वह्या शेजारी ठेवल्या तर तीन मुक्या माणसांची पंचायत. म्हणून आशाबाईंनी एकच तक्ता आखला, तिघींनी तोच भरायचा. एका खुणेला एकच नाव, एका माणसाला एकच ओळ.

तातेराव, तो तक्ता मी पाहिला आणि सहज रकाने मोजले. एकोणीस. बाराव्यानंतर जाड रेघ. अलीकडे बारा रकाने माणसाचे, पलीकडे सात रक्ताचे. शार्दूलविक्रीडित! एकोणीस अक्षरं आणि बाराव्यावर यति, म्हणजे थांबा. तिला म्हटलं, पोरी, हे तू जाणून केलंस. ती म्हणाली, "न्हाई गुरुजी, तेवढंच लागत होतं." तेवढंच लागत होतं. चाळीस वर्षं मी पोरांना हेच सांगत होतो की वृत्त म्हणजे बेडी नव्हे, तेवढंच लागतं म्हणून तेवढं असतं. आणि हे समजलं कोणाला तर रक्त गोळा करणारणीला. विसावं अक्षर कितीही लाडकं असो, बाहेर. तुमच्या गणितात एवढी शिस्त मी कधी पाहिली नाही. (राग मानू नये.)

एवढी भक्ती जडल्यावर मी आपणहून लेखनिकाचं काम मागून घेतलं. गावात सुईची दहशत तुम्हाला ठाऊकच आहे. दोन वर्षांपूर्वी नसबंदीच्या ऑपरेशनच्या कॅम्पवाल्यांनी जो धुमाकूळ घातला, तेव्हापासून पांढऱ्या कोटाचं माणूस दिसलं की गडी ज्वारीत शिरतात. तरी आशाबाई घरोघर बसल्या, प्रत्येकीला वेगळं समजावलं आणि तीस घरं तयार केली. एकतिसावं सटवाजीचं. (माझ्या वर्गात एकाच इयत्तेत तीन वर्षं मुक्काम केलेला तोच.) त्या दिवशी आशाबाईंना सिद्धेश्वरला जावं लागलं. जाताना म्हणाल्या, गुरुजी, हे एक घर तुमच्यावर सोपवून जाते.

शाळेच्या व्हरांड्यात मी तक्ता घेऊन बसलो, शेजारी जळबा कंपाउंडर सुया उकळत. सटवाजी एकटाच आला. म्हटलं, बाकीचे सहा जण? तो खुर्चीवर बसला, डावा हात टेबलावर टाकला आणि म्हणाला, "सोसायटीच्या कागदावर सगळ्या घराचा अंगठा मीच देतो ना? मंग रगताला काहून येगळा कायदा? घर एक, रगत एक. सातबी नळ्या माझ्याच भरा." जळबा म्हणाला, "मालक, सुई सात बार टोचावी लागंल." तर म्हणतो, "टोच की. मी काय पळून चाललो?" बायामाणसं सुईला भितात, त्यांना तकलीफ कशाला, असंही म्हणाला. आणि जळबाने टोचलं. एकदाही हूं की चूं नाही. सात नळ्यांवर सात नावांच्या चिठ्ठ्या लागल्या: सटवाजी, त्याची आई सोजराबाई, बायको, दोन मुलं, सून, लेक.

आता माझं ऐका. बारावा रकाना आहे, 'रक्त स्वतः दिले काय'. तिथे मी सात वेळा 'होय' लिहिलं. काहून लिहिलं म्हणाल, तर मी त्या वेळी भारावून गेलो होतो. एका हातावर सगळ्या घराचा भार, अशी कल्पना डोक्यात घोळत होती, आणि एकोणिसाव्या, शेऱ्याच्या रकान्यात त्यावर मी चार ओळीही लिहिल्या. (रकाना बोटभर, ओळी पाठकोऱ्या बाजूला गेल्या.) सहा 'नाही' मध्ये आले असते तर कवितेचा रंग गेला असता.

मुंबईला रक्त तपासलं तर सासू, सून, नवरा, बायको, लेकरं, सगळ्यांच्या खुणा हुबेहूब एक. जगात कुठे असं घराणं नाही. तिथल्या मोठ्या साहेबांनी म्हटलं, घराणं नाही, तुमचा तक्ताच नंबरांची सरमिसळ करतो. महिनाअखेरीला तिन्ही प्रयोगशाळांची बैठक आहे, तिथे तो मांडायचा नाही, जुन्या वह्या चालू द्या. आशाबाईंचं परवा मुंबईहून पत्र आलं. एक ओळ देतो: 'गुरुजी, बाराव्या रकान्यात सातही ठिकाणी तुमच्या हातचं होय आहे, म्हणजे चूक माझ्याच आखणीत असणार, मी पुन्हा पहिल्यापासून तपासते आहे.' तीन वर्षांचं काम, तातेराव. माझ्या अक्षरावर तिचा एवढा भरवसा की स्वतःचा तक्ता खोटा मानायला निघाली. तक्त्याने तर बरोबर तेच विचारलं होतं जे विचारायला हवं होतं. खोटं मी लिहिलं.

मी तिला सगळं कळवणार आहे. शिक्षकाने चूक कबूल करायला लाजू नये, हे आपण दोघांनी पोरांना किती वेळा सांगितलं असेल. उगीच वाढवत नाही. थंडी आहे, गुडघ्याला लोकरी पट्टी बांधत जावी.

आपला,
अमृतराव

ता.क. — तिला लिहायला तीन वेळा बसलो. तिन्ही वेळा दुसऱ्या ओळीला यमक जुळू लागलं आणि कागद फाडला. तर विनंती अशी: मंगळवारी ती कळमनुरीच्या दवाखान्यात येणार आहे. आपण तिथे बाजारला जाताच, तर सहज गाठून तिला सांगावं. आधी सटवाजीचं सांगावं, मग जळबाचं, आणि माझं नाव घेणं आलंच तर शेवटी, आवाज जरा खाली आणून. तुम्ही गणिताचे, तुमच्या तोंडून ऐकलं तर ते चूक वाटणार नाही, हिशेब वाटेल. खरं तर पत्र याचसाठी होतं. गुडघ्याची चौकशी मात्र मनापासून आहे.

आणखी ता.क. — वरच्या चार ओळी (पाठकोऱ्या बाजूच्या) तिच्याकडून परत मिळाल्या तर पाहाव्यात. दुसरी ओळ बरी साधली होती.

पुन्हा ता.क. — पाकीट चिकटवत होतो तर कडी वाजली. वाटलं, टपालवाला. दारात सोजराबाई. सत्तरीची बाई, सटवाजीची शाळा सुटल्यापासून माझ्या दारी कधी फिरकलेली नाही. मागे सून, नात, आणि सगळ्यांच्या मागे खाली मान घालून सटवाजी. दगडोबाने कालव्यावर त्याला लेकीच्या मुंबईच्या पत्राचं सांगितलं, आणि त्याने घरी जाऊन आईला. ही बाई पायरीवर बसली आहे आणि पदर सावरून तिने डावा हात माझ्यापुढे धरला आहे, जणू सुई माझ्याच खिशात आहे. मी म्हटलं, सोजराबाई, तुम्ही सुईला भिता ना? तर म्हणाल्या, "अकरा बाळंतपणं केली म्या. सुईला भिते म्हणून कोण म्हन्लं? आमाला इचारलं कोण व्हतं?" मग त्यांना माझ्या हातातलं पाकीट दिसलं, कोणाला म्हणून विचारलं. तुमचं नाव सांगितलं, आणि तुम्ही तिला कळमनुरीला गाठणार तेही. म्हणाल्या, "कळमनुरीला कशाला? त्या लेकरालाच लिवा. आमी बसून राहिलो हितं, तुमचं होईस्तोवर."