पाठीवरची खूण

१२ जुलै २०२५
बीडला आले एकदाची. आमच्या गावाहून, युसूफ वडगावहून, बाबांनी गादी, कुकर आणि आईच्या ढीगभर सूचना पिकअपमध्ये घालून आणल्या. खोली छबुबाईंच्या घरी, माडीवर. खिडकी मोठी, खाली मोकळं मैदान, कॉलेज हाकेच्या अंतरावर. जाम खूश आहे मी. खोलीतली दुसरी मुलगी बबिता, मेंढपाळांच्या घरची. आल्या आल्या तिनं मला भाकरी आणि ठेचा वाढला.

१९ जुलै
बबिता चांगली आहे, पण तिची एक खोड डोक्यात जाते. लाल कावेत बोट बुडवून ती दिसेल त्याला खूण करते. माझी बादली, उशी, कंगवासुद्धा. आज माझ्या पांढऱ्या कुर्त्याच्या पाठीवर लाल पट्टा. सगळा वर्ग हसला. विचारलं तर म्हणते, "मेंढरं दुसऱ्याच्या कळपात मिसळली तर वळखायची कशी? खूण नसंल तर तेवढी दुसऱ्याची हुत्यात." आमच्या रानात खतासाठी दरसाल मेंढ्या बसतात, ही रीत मला माहीत आहे. पण मी काय मेंढी आहे? पुन्हा हात लावलास तर माझ्याशी गाठ आहे, असं सांगून टाकलं.

२ ऑगस्ट
लावलीच! दुपारी डोळा लागला होता, तेव्हा थेट पाठीवर. साबणानं घासून धुतली आणि तिची कावेची डबी गटारात भिरकावली. बबिता रडली. म्हणाली, मागच्या वर्षी या कॉटवर राहणाऱ्या स्वप्नानंही अशीच धुतली होती. छबुबाईंना विचारलं. स्वप्ना दिवेलागणीला खाली गेली ती परत आलीच नाही, म्हणाल्या. तिचे आईवडील अजून चौकशीला येतात. मी घाबरत नाही.

९ ऑगस्ट
संध्याकाळी मैदानातून खुरांचा आवाज आला. धूळ उडत होती. मेंढरू एकही नव्हतं. खिडकीतून ओरडून विचारलं, कोण आहे. आवाज थांबला. सगळ्यांनी वर पाहिल्यासारखं वाटलं.

११ ऑगस्ट
पाठीवर निळा पट्टा. बबिता मागं सरकली. "हे माझं न्हाई," एवढंच बोलली. रॉकेलनंसुद्धा निघत नाही. साल निघाली तरी चालेल, घासणार.

१३ ऑगस्ट
आवाज आला की पाय जिन्याकडे वळतात. ओढणीनं कॉटला बांधून घेतलेत. बबिता हात धरून बसली आहे. या मला न्यायला, बघू कोण नेतं —

१४ ऑगस्ट
जिन्यावर खुरं. कुणीतरी हाळी दिली. उत्तर माझ्याच घशातून गेलं, मेंढीचं. बबितानं हात सोडला —

ओढणी सुटली आहे. उठणार नाही. लिहीत राहीन. हात अजून माझा आहे.

मी कुणाच्या कळपातली नाही. माझं नाव प्रियदर्शनी. माझं नाव प्रिय — माझं

माझं नाव —