माझं नाक आणि कलाबाईंचं तोंड

तीर्थरूप मामांस,

धम्मरत्नचा सविनय जयभीम. मामीची कंबर आता कशी आहे? इकडे शेगावात सगळे बरे आहेत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो.

तुम्ही अब्दुल गनीशेठकडे शब्द टाकलात आणि त्यांच्या प्लास्टिकच्या कारखान्यात मला चिकटवलंत. काम इज्जतीचं होतं. भंगारात आलेल्या प्लास्टिकचा तुकडा काडीनं पेटवायचा, हुंगायचा आणि सांगायचं, माल वितळवायचा की बाजूला टाकायचा. मेणबत्तीसारखा वास आला तर चांगला. नाकात सुई टोचल्यासारखा आला तर पीव्हीसी, आणि तो मशीनमध्ये गेला की विषारी धूर. सगळे मला 'नाकवाले साहेब' म्हणत (साहेब मीच जोडलं).

मामा, ते नाक दिवाळीपासून गेलं आहे. रोज तोच धूर हुंगून गेलं, दुसरं काय. मला कळलं ते असं, की तुमची भाचेसून समता शेजारी गेली होती, दूध करपून पातेलं काळं पडलं, अख्खी गल्ली धावत आली आणि मी शेगडीशेजारी मोबाइल पाहत निवांत बसलेलो. (समताला वाटलं, मी रुसलोय. मी तसंच वाटू दिलं.)

शेठना सांगितलं असतं तर काम गेलं असतं, म्हणून युक्ती काढली. माझ्यासमोर कलाबाई माल निवडायला बसतात. तुकडा पेटवायचा, हुंगल्याचं सोंग करायचं आणि तिरक्या नजरेनं त्यांच्याकडे पाहायचं. तोंड वाकडं झालं की माल बाद. बरेच दिवस निभावलं.

गेल्या आठवड्यात मशीनवरच्या गुलनाजनं काहीतरी गंमत सांगितली आणि कलाबाई हसल्या. मी समजलो, माल उत्तम! पोतंच्या पोतं मशीनमध्ये गेलं. मग असा धूर उठला की सगळे डोळे चोळत बाहेर पळाले. गुलनाज मशीनच्या तोंडाशीच होती, ती दारापर्यंत येऊन कोसळली. शेठनी आपल्या गाडीतून तिला दवाखान्यात नेलं. वाचली, पण अजून बोलताना धापा टाकते. परत आल्यावर शेठ मिस्त्रीवर ओरडले, "मशीन खराब करून ठेवली बे तू!" आणि मी, मामा, मान डोलावली. त्या डोलावलेल्या मानेची इतकी लाज वाटते, की या जन्मी तुम्हाला तोंड दाखवणार नाही.

आपला नालायक भाचा,
धम्मरत्न

ता.क. पाकीट चिकटवायच्या आधीच राहवलं नाही. कारखान्यात जाऊन सगळ्यांदेखत खरं सांगून आलो. गुलनाजही त्या दिवशी राहिलेला डबा न्यायला आलेली. शेठ मटकन पोत्यावर बसले. "नाक गेलं तं सांगितलं काऊन नाही बे?" मी तोंड उघडायच्या आत कलाबाई म्हणाल्या, "त्याले काय बोलता, शेठ? मले तं दोन वर्सापासून वास येत नाही. मीच याच्या तोंडाकडे पाहून तोंड वाकडं करत होती."

गुलनाज हळूच म्हणाली, "अन् मले वाटे, माह्यं एकटीचंच नाक गेलं."

कोणी हसलं नाही. शेठनी उठून मशीनचा खटका पाडला. धूर बाहेर ओढणारा पंखा बसेपर्यंत काम बंद. (मिस्त्रीचे पाय धरले. त्यानं धरू दिले, सोडवले नाहीत.)

आणखी एक. तुमच्या अकोल्यात कान-नाक-घशाचा चांगला डॉक्टर आहे ना? शुक्रवारी गुलनाजचा नवरा धरून आम्ही चौघं मुक्कामाला येतोय. मामीला म्हणावं, बोंबील खुशाल भाजा. त्रास झाला तर शेजाऱ्यांना होईल.