अकरा सेकंदांचा निरोप

४ फेब्रुवारी
आले एकदाची! खोली ऐसपैस आहे. खिडकीतून रेडिओ दुर्बिणीची थाळी दिसते, एवढी मोठी की अख्खी वरात जेवून उठेल. कामही माझ्या आवडीचं: आकाशगंगेच्या मध्याजवळचे वायुढग शोधायचे. ते स्वतः दिसत नाहीत. मागून येणाऱ्या रेडिओलहरींतला ठरावीक भाग ते गिळतात आणि आलेखावर तिथे खाच पडते. काय आलं नाही, यावरून मध्ये कोण आहे ते ओळखायचं.

यंत्रं सांभाळणाऱ्या काकांनी बजावलं, इथे मोबाइल चालू करायचा नाही, त्याच्या लहरी मिसळल्या की दुर्बीण बिघडलेलंच ऐकते. मी नंदीबैलासारखी मान डोलावली. मोबाइल मात्र बॅगेत आहे. त्यात धाकट्या बहिणीचा निरोप आहे.

६ फेब्रुवारी
सकाळची निरीक्षणं आटोपून खोलीत निरोप ऐकला. रोज ऐकते. अकरा सेकंद. ताई, फोन उचल ना गं, डबा विसरलीस, मीच घेऊन येतेय, वाटेत खाल्ला तर बोलू नकोस!

मी तेव्हा कामाच्या बैठकीत होते. उचलला असता तर म्हटलं असतं, येऊ नकोस. रस्ता ओलांडताना ट्रकनं तिला उडवलं. डब्याला साधा पोचाही आला नव्हता. दोन वर्षं झाली, माझ्या घशाखाली घास नीट उतरत नाही.

८ फेब्रुवारी
आलेखावर नवी खाच. माहितीतल्या कुठल्याच रेणूची नाही. काका म्हणाले, कुणीतरी मोबाइल लावला असेल, खोडून टाक. चोराच्या मनात चांदणं! मोबाइलचं सांगितलं नाही. शिवाय खरंच नवा रेणू असला तर? खाच ठेवली.

९ फेब्रुवारी
निरोपातला ‘डबा’ गेला. तिथे नुसती शांतता. ऑफिसच्या फोनवरून आईला विचारलं. तिच्याकडच्या प्रतीतही नाही. आई म्हणाली, यंत्रच ते, बिघडायचंच.

११ फेब्रुवारी
आणखी दोन खाचा. ‘उचल’ गेलं, ‘येतेय’ गेलं. काकांना सगळं सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. मोबाइल बंद करून तळघरात कुलपात ठेवला, पुन्हा मोजलं. खाचा तशाच. काका हळूच म्हणाले, तुझ्या मोबाइलच्या असत्या तर बरं झालं असतं, पोरी.

त्या लहरी आकाशगंगेच्या मध्यातून सव्वीस हजार वर्षांपूर्वी निघाल्यात. म्हणजे ती बोलायच्या कितीतरी आधीच तिचे शब्द कुणीतरी गिळले —

१३ फेब्रुवारी
मोबाइल परत मागून घेतला. फक्त ‘ताई’ उरलंय. आता ऐकत नाही. ऐकलं नाही तर राहील कदाचित.

१४ फेब्रुवारी
रुंद खाच. ‘ताई’ नाही. अकरा सेकंद कोरे. पोटभर रडले. मग तिचा चेहरा आठवत बसले. हनुवटीवर तीळ होता, की खळी —

१५ फेब्रुवारी
आईला म्हटलं, धाकटीचा फोटो पाठव. आई म्हणाली, कुणाची धाकटी? तू एकुलती एक ना गं, बाळा. थट्टा नव्हती. काळजी होती आवाजात.

१६ फेब्रुवारी
मागची पानं वाचली. अक्षर माझंच. छातीत दुखतंय — कशानं, कळत नाही.

जेवायची वेळ झाली. खिडकीशी उभी आहे. कुणीतरी येणार होतं. तिला सांगायचं होतं, येऊ नकोस. हाक मारायला हवी — नाव लिहून ठेवते, म्हणजे राहील — तिचं नाव —