निळ्यात राग नसतो

३ मार्च, सकाळी ९.३०
ऑफिसकडून महिनाभराची सक्तीची रजा. कारण क्षुल्लक. स्टोअरकीपर मला म्हणाला, जरा शांत व्हा. मी शांतच होतो. पंचिंग मशीन हातातून निसटलं आणि त्याच्या कपाळाला लागलं. तीन टाके. दुसऱ्यांदा निसटलं तेव्हा तो वाकला होता म्हणून बरं.
डॉक्टर म्हणाले, हातांना काहीतरी नाजूक काम द्या. ठरलं! हाताने ग्रीटिंग कार्डं बनवायची. पहिलं स्टोअरकीपरला. संकल्प: आजपासून राग बंद. कायमचा.

४ मार्च
कार्डशीट, गोंद, कटर, रंग आणले. दुकानदार पिवळा घ्याच म्हणून मागे लागला. पिवळा मला सोसत नाही. आगाऊ रंग. कोणी विचारलेलं नसताना मध्ये तोंड घालतो. तसं त्याला समजावून सांगितलं. काउंटरची काच आधीचीच तडकलेली असणार.

५ मार्च, दुपारी
निळा म्हणजे मी. खोल. संयमी. बायकोला तिचा आवडता रंग विचारला. तिने आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग म्हणाली निळा. मुलीला विचारलं (इयत्ता चौथी). तिने आईकडे पाहिलं. तिलाही निळाच! घरात इतकं एकमत किती जणांच्या नशिबी असतं?

८ मार्च
अकरा कार्डं झाली. दहा फाडली. रागाने नाही, दर्जाचा प्रश्न होता. अकरावं चावलं.

९ मार्च
मेहुणा आला. माझी निळी फुलं बघून म्हणाला, भाऊजी, मुका मार लागल्यावर कातडी होते ना, अगदी तस्सं आलंय. त्याला फरक दाखवणं भाग पडलं. संध्याकाळपर्यंत त्याच्या डोळ्याभोवती जो रंग चढला तो स्पष्ट जांभळ्याकडे झुकणारा होता. माझा निळा तसा नाही. मुद्दा सिद्ध. बायको त्याला बर्फ लावत बसली, जेवण उशिरा. मी चकार शब्द काढला नाही. प्रगती आहे.

१२ मार्च, सकाळी
मुलीच्या गादीखाली कार्ड सापडलं. तिने चोरून केलेलं, मैत्रिणीसाठी. सगळं पिवळं. पिवळं घर, पिवळी मांजर, पिवळा पाऊससुद्धा. माझ्या घरात!
कार्डं कापायची फळी उडाली. कपाटाचा आरसा फुटला. एक काच मुलीच्या पायात गेली. ती अजिबात रडली नाही. फार समंजस पोर.

१३ मार्च
दोघी मेहुण्याकडे राहायला गेल्या. हवापालट हवा असणार. घरात छान शांतता. काम झपाट्याने होईल.

१७ मार्च
काम होत नाही.

१८ मार्च, दुपारी ४. मेहुण्याच्या जिन्यात
मुलीसाठी कार्ड करून आणलं. आजवरचं सर्वोत्तम. वर तीन थरांचं निळं फूल, मोत्यांसकट. बेल वाजवली. दार उघडलं नाही. बायको आतून म्हणाली, काय असेल ते फटीतून सरकवा. फूल फटीत मावेना. मोती उपटले. मग पाकळ्या. नुसता कागद उरला तेव्हा गेला.
बायको म्हणाली, यात काहीच लिहिलेलं नाही.
खरंच की. मजकुराचं राहूनच गेलं.
कार्ड परत आलं, सोबत शाळेतली पेन्सिल. जिन्यात बसून लिहिलं: ‘सोन्या, तुझ्या पायाला काच लागली. मला वाईट वाटलं.’ सरकवलं. आत बराच वेळ कुजबुज.
आत्ताच परत आलं. माझ्या ओळीखाली मुलीने लिहिलंय: ‘बाबा, फळी तुम्ही फेकलीत.’
अक्षर स्वच्छ. शुद्धलेखनाची चूक शोधतोय. सापडत नाही.