ओढ्यावरची वीज

प्रिय सूनबाई,

मायना वाचून दचकू नकोस. कोर्टाच्या कागदावर तू आता माझी कुणी नाहीस, पण जिभेला कोर्टाचं कळत नाही.

आधी बातमी. आपल्या ओढ्यावर वीज तयार करायचा प्रकल्प मंजूर झाला! काही अनुदान, काही बँकेचं कर्ज, बाकी गावकऱ्यांनी घेतलेले भाग. तू गेल्यावर एक कंपनीवाला आला होता. ओढा आम्हाला लिहून द्या, तुम्हाला भाडं देतो, म्हणाला. इतकं गोड बोलला की निम्मं गाव सहीला तयार. तेव्हा भाजी निवडता निवडता मला समजावणारी तू आठवलीस. “आई, पाणी आपलं तर वीजही आपल्याच मालकीची हवी.” मी सभेत उठले आणि तुझं वाक्य माझंच असल्यासारखं ठणकावलं. मग सुतारानं विचारलं, “पण काकू, करायचं कुणी?” “आपण,” मी म्हटलं. तोंडातून शब्द गेला आणि समितीचं अध्यक्षपद गळ्यात पडलं.

तुझा अर्धवट राहिलेला आराखडा घेऊन मी घरोघर फिरले. गिरणीवाल्याला दिवसा वीज हवी, दवाखान्यातल्या नर्सबाईला लशींच्या फ्रीजसाठी अखंड. दोघांची भांडणं मीच मिटवली. घर चालवलेल्या बाईला ते काय अवघड? बँकेचे साहेब आले ते ओढा बघूनच नाक मुरडायला लागले. “उन्हाळ्यात हा आटल्यावर काय कराल?” म्हटलं, “शाळेच्या छपरावर सोलर बसवतोय. आणि तेवढे महिने गिरणी फक्त दुपारी चालेल, गावानं कबूल केलंय.” साहेब म्हणाले, “आजी, तुम्ही इंजिनिअर आहात?” “नाही, इंजिनिअरची सासू आहे.” कर्ज तिथंच पक्कं झालं म्हण.

आता एक गोष्ट तुला बाहेरून कळण्याआधी मीच सांगते. माझ्या मुलाचं दुसरं लग्न ठरलंय. मुलगी चांगली आहे. दोघं शहरातच राहतील. तुझ्यापासून हे लपवणं मला जमलं नसतं.

पत्राचं खरं कारण हे, की प्रकल्पाला सल्लागार नेमायचाय. सभेत सगळ्यांच्या मनात तुझंच नाव होतं, पण माझ्यादेखत ते घ्यायला कुणी धजेना. शेवटी मीच घेतलं. मुलाचं मत मी विचारलं नाही. ओढा गावाचा आहे, त्याचा नाही. पगार समिती देईल, उतरायला माझं घर आहे. आणि नाहीच म्हणायचं असेल, तर इथं येऊन माझ्या तोंडावर म्हण. बघू जमतंय का!

तुझ्या येण्याबद्दल जराही शंका नसलेली,
तुझीच,
आई