बाभळीत गेलेला चेंडू

तात्या, काल मला पुन्हा शाल-नारळ मिळाला, आणि त्याला कारण तुम्ही. कालव्याच्या आपल्या फाट्यावरच्या बागायतदारांची सभा होती. एका पोरसवदा पुढाऱ्यानं माईक हातात घेतला आणि सांगितलं, "पाटकरी बापाची नोकरी वाचवण्यासाठी ज्यांनी स्वतःची नोकरी घालवली, ते हे आपले आप्पा!" टाळ्या पडल्या. मी मान खाली घालून बसलो, तर लोकांना वाटलं म्हातारा किती विनयशील आहे. विनय कसला डोंबलाचा! नजर वर करायची सोय नव्हती. तुम्हाला जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली, मी आता तुमच्याहून वयानं थोरला झालोय, तरी कुणी त्या गोष्टीचं नाव काढलं की माझी नजर अजून खाली जाते. म्हणून आज सकाळचा चहा झाल्याबरोबर वही घेऊन ओट्यावर बसलोय. सून विचारते, काय लिहिताय? म्हटलं, अर्ज. म्हणाली, आता ह्या वयात कसला अर्ज? म्हटलं, जुनाच राहिलाय एक.

सुनेला मी त्या माळाचं सांगायला गेलो की ती हसते. आता तिथं नजर पोचेल तिथवर ऊस आहे, तिला खरं कसं वाटावं? पण तुमच्या तर पायाखालचा होता तो माळ. बारामतीहून इंदापूरकडं जाताना कालव्याच्या बंगल्यामागं सहा खळगे खणलेले, प्रत्येकापाशी तांबडा झेंडा, आणि खळग्याभोवती हिरवळीच्या जागी तेल शिंपडून चोपलेली वाळू. कालव्याचा गोरा इंजिनियर साहेब आठवड्यातनं दोनदा तिथं काठीनं चेंडू मारत फिरायचा. कमीत कमी टोल्यांत चेंडू खळग्यात गेला पाहिजे, एवढाच तो गोल्फ नावाचा खेळ. तुम्ही त्याला 'साहेबाचा विटीदांडू' म्हणायचात. छत्तीस-सदतीस साल असेल. मी तेवीस वर्षांचा, बंगल्यातल्या कचेरीत हंगामी कारकून. आणि तुम्ही तिथंच फर्लांगभर वर, फाट्याच्या दारावर पाटकरी. दार उचललं की फाट्याला पाणी, टाकलं की बंद, आणि कुणाची पाळी कधी हे तुमच्या तोंडपाठ. साहेबाला जोडीला कुणी नसलं की तो मला हाक मारायचा. त्यानंच एक जुनी काठी देऊन मला शिकवलं. म्हणायचा, चेंडूकडं बघ. मी बघायचो आणि चेंडू भलतीकडंच जायचा. मग एकदा तुम्ही दारावरनं उतरून आलात आणि म्हणालात, "आरं, भरकटल्या मेंढराला वळवाया दगूड मारतूस, तवा दगडाकडं बघतूस व्हय? जितं पडाया पायजे तितं बघतूस. आन पाय तिकडं लाव. पाय जिकडं, दगूड तिकडं." आपली मेंढरं विकून तेव्हा बरीच वर्षं झाली होती, पण त्या दिवसापासून माझा चेंडू सरळ जायला लागला.

सहावा खळगा मात्र महाबेणं होता. चेंडू ठेवायचा एका टेकाडावर, आणि झेंडा समोर फाट्याच्या पलीकडं. सरळ मारला आणि पोचला, तर झेंड्याच्या अंगणातच. कमी पडला तर पाण्यात, मग डाव गेलाच म्हणून समजा. दुसरी वाट म्हणजे डावीकडं, फाट्यावरच्या पुलाच्या अलीकडं चेंडू टाकायचा आणि पुढच्या टोल्याला पाणी ओलांडायचं. त्यात एक टोला जादा जातो, पण जिवाला घोर नाही. उजवीकडं बाभळीचं बन. तिकडं तर बघायचंसुद्धा नाही. तुमचं मत ठरलेलं होतं. नरसिंहपूरच्या संगमापाशी तुम्ही एकदा पलीकडचं गवत बघून चढत्या पाण्यात कळप घातला होता. म्होरकी मेंढी वाहून गेली आणि तिच्यामागनं निम्मा कळप गेला. उरलेली विकून तुम्ही पाटकरी झालात. म्हणून मी विचारलं की तुमचं एकच उत्तर: "पुलाकडनं मार. सायेब रागावला तर हात जोडता येत्यात. पानी रागावलं तर कुनाला हात जोडशील?"

आणि नेमका त्या उन्हाळ्यात इंदापूरकडच्या साखर कारखान्याच्या साहेबांशी सामना ठरला. दोघं इकडचे, दोघं तिकडचे. जोडीत चेंडू एकच, तो दोघांनी आळीपाळीनं मारायचा. आमच्या साहेबाचा जोडीदार हिवतापानं पडला आणि साहेबानं मला उभं केलं. मी आधी खूश झालो, मग हेडक्लार्क कानाशी येऊन म्हणाला, "जपून हं. सामना झाला की साहेब कायमच्या जागेच्या कागदावर सही करणार. जागा एक, आणि हंगामी तुम्ही दोघं." झालं! माझ्या तोंडचं पाणी पळालं. माझ्यासाठी बघितलेल्या मुलीकडच्यांनी आधीच निरोप धाडला होता, जागा कायम झाली की बोलणी. चार दिवस मी कचेरीत आकडे चुकत होतो आणि घरी भिंतीकडं बघत होतो. सरळ मारावा तर पाणी, पुलाकडनं मारावा तर साहेब. साहेबाला भित्रा माणूस अजिबात खपायचा नाही, आणि हरणारा त्याहून नाही.

आदल्या दिवशी संध्याकाळी आपण जेवायला बसलो होतो. आई चुलीपुढं भाकरी थापत होती. मी ताटात बघतच म्हणालो, "तात्या, उद्या दुपारनंतर दार टाकता का? दीडेक तासच. फाटा कोरडा असला तर चेंडू आत पडला तरी तिथनं मारता येतो." तुम्ही विचारलंत, "उद्या पाळी कुनाची हाय?" मला ठाऊक होतं. फाट्याच्या अगदी शेवटाला, टेलला, एकटी बाई वांगी करायची; सगळे तिला टेलची आत्या म्हणायचे. वरच्यांचं भिजून उरलं तर तिला पाणी, तेही पंधरा दिवसांतनं एकदा. मी हळूच म्हणालो, "आत्याची." "मग तिचं पानी तुज्या खेळापायी तोडू? ऊठ. ताटावरनं ऊठ!" आई म्हणाली, "अवो, जेवत्या पोराला उठिवत्यात व्हय?" तुम्ही तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी उठलो. तेवीस वर्षांचा घोडा, पण गोठ्यामागं जाऊन लहान पोरासारखा रडलो. सकाळी आईनं दोनदा ताट वाढलं, दोनदा परत नेलं. तुम्ही कामावर निघताना माझ्यापाशी येऊन थांबलात. मग घोंगडं खांद्यावर टाकून तसेच गेलात.

सामना म्हणजे काय, माझा जीव कसा टांगणीला लागला होता ते मलाच माहीत. पाच खळगे झाले आणि दोन्हीकडं बरोबरी. सहाव्याचा पहिला टोला आमच्या बाजूनं माझा. कारखान्याच्या माणसानं आधी टेकाडावर चढून चेंडू डावीकडं, पुलापाशी सुखरूप टाकला. साहेब खालनं माझ्याकडं बघून म्हणाला, "तू सरळ मार. पुलाकडे बायका धुणे धुवायला जातात." ते सगळे हसले आणि मी चढलो. हे लिहितानाही मी पुन्हा तिथं उभा आहे, तात्या. हाताला घाम सुटलाय, काठी निसटतेय. त्या टेकाडाची गंमत अशी की फाट्याचा तळ फक्त वरनं दिसतो, खालच्यांना काठाची माती तेवढी दिसते. मी समोर बघतो तर फाटा रिकामा! मधोमध घोट्याएवढा ओघळ, काठाच्या दगडांवर हातभर ओली पट्टी आणि चिखलात बगळे उतरलेले. कारखान्याच्या माणसानंही हे बघितलं असणार, पण त्याला साखर कळायची, पाण्याच्या पाळ्या कुठल्या कळायला? मी मान वर केली. दारापाशी तुम्ही उभे, माझ्याकडं तोंड करून. हात हलवला नाहीत, काही नाही. नुसते उभे.

लोकांची गोष्ट इथनं पुढं अशी जाते. मुलगा चाणाक्ष. त्याच्या ध्यानात आलं की चेंडू सरळ मारा नाहीतर पुलाकडनं मारा, शेवटी सगळी मंडळी फाटा ओलांडायला जाणार. साहेब इंजिनियर, पाळी चालू असताना रिकामा फाटा त्याच्या डोळ्यांतनं सुटायचा नाही. उभ्या जागी पाटकऱ्याला घरी धाडेल. म्हणून मुलानं मुद्दाम चेंडू उजवीकडं, बाभळीत घातला. तेवढं खरंच घडलं. चेंडू बाभळीत गेला, सगळ्यांनी काट्यांत शोधला, साहेबाचा सदरा फाटला, आणि तो "सोडला डाव!" म्हणून ओरडला आणि पाहुण्यांना घेऊन अलीकडच्या अलीकडं बंगल्यावर चहाला गेला. फाट्याकडं कुणी फिरकलं नाही. मी एकटाच उभा होतो तेव्हा तुम्ही दार उचलत होतात.

जागा दुसऱ्याला मिळाली. साहेब मला रागावलाही नाही, नुसता बोलायचा बंद झाला. सोयरीक मोडली. तुम्ही दुसऱ्या दिवशी टेलपर्यंत चालत गेलात आणि आत्याला स्वतःच सांगितलंत, पाणी मी तोडलं, पोरापायी तोडलं. ती म्हणाली, "निम्मी वांगी सुकली माजी, पाटकरी. बरं, पोरगं तरी जिकलं का?" तुम्ही म्हणालात, न्हाय. "आगं बया! मंग दोगांचंबी गेलं की!" हे तुम्ही घरी येऊन आईला सांगितलंत, मला नाही. मला एकच वाक्य बोललात, "मी तिचं पानी तोडलं, आन तू बाभळीत मारलास." त्यानंतर महिनाभर अबोला. पुढं मी कारखान्यात ऊस तोलायच्या काट्यावर लागलो, लग्न झालं, संसार झाला. पण तुमच्या त्या वाक्याला उत्तर द्यायची माझी हिंमत कधी झाली नाही.

उत्तर दिलं ते बारामतीच्या दवाखान्यात, तुमच्या शेवटच्या दुखण्यात. तुम्ही तापात सारखं टेलच्या आत्याचं नाव घेत होतात, वांगी वाळली, वांगी वाळली म्हणत होतात. मला ते बघवेना. मी खाटेवर बसून तुम्हाला ती गोष्ट सांगितली, वर लिहिलीय तशीच. मी मुद्दाम मारला, तात्या, तुमची नोकरी जाऊ नये म्हणून. तुमच्या हातनं झालेलं फुकट नाही गेलं. तुम्ही मान माझ्याकडं वळवलीत. मग म्हणालात, "पाय तर झेंड्याकडं हुतं तुजं."

मी म्हणालो, "दूध आणतो," आणि उठलो. परत आलो तर तुम्ही शेजारच्या खाटेवरच्या माणसाला सांगत होतात, "ह्यो माजा ल्योक. ह्यानं माजी नोकरी वाचिवली." भेटायला आलेल्या प्रत्येकाला सांगितलंत, अगदी आवाज जाईपर्यंत. ती गोष्ट तिथनं गावात आली, आणि शाल-नारळ घेऊन आता माझ्या मागं लागलीय.

खरं मी कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. टेकाडावर उभा राहून मी रिकामा फाटा बघितला, तुम्हाला बघितलं, आणि माझ्या मनात तुमची नोकरी आली नाही. आत्याची वांगी आली नाहीत. आलं ते एवढंच, की तात्यांनी माझं ऐकलं, आता भ्यायचं कारण नाही, घाल सरळ. तो चेंडू माझ्या मनासारखा गेला असता तर मी हसत हसत साहेबाला त्या रिकाम्या फाट्यावर घेऊन गेलो असतो. तुम्हालाही हे कळत होतंच. ते कळून तुम्ही दार टाकलंत, आणि मी तुमच्या डोळ्यांदेखत झेंड्याकडं पाय लावले. हात कापले, काठी घामानं फिरली, म्हणून तुमची नोकरी राहिली. भेदरलेल्या हातांनी वाचवलं तुम्हाला, मी नाही.

हे कुठं धाडायचं नाही. वही मिटून ट्रंकेत जाईल, आणि पुढच्या सभेत कुणी शाल आणली तर मी बहुधा ती घेईनसुद्धा, माझा काय भरवसा. पण तुम्ही विचारलं होतंत, आणि मी दूध आणायला गेलो. दूध तुम्हाला नकोच होतं. व्हय तात्या, पाय झेंड्याकडंच होते.